अख्खी नळी की ठिगळ?

पत्र : डॉक्टरकाका, माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा आहे. अडीच वर्षांपूर्वी शिडीवरून पाय घसरला आणि तो खालच्या लोखंडी पाइपवर मांड्या फाकून आदळला. तेव्हापासून त्याची लघवीची नळी आक्रसली आहे. दोनदा दुर्बिणीतून कापून मोकळी केली. पहिल्या वेळी आठ महिने बरे गेले, दुसऱ्या वेळी जेमतेम तीन. आता डाय घालून काढलेल्या एक्स-रेत साडेचार सेंटिमीटरचा भाग अरुंद दिसतोय. सर्जन म्हणतात, गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावू. भाऊ ऐकायलाच तयार नाही. त्याचं म्हणणं असं की अमेरिकेत प्रयोगशाळेत वाढवलेल्या नळीला सरकारी मान्यता मिळाली आहे, दोन-चार वर्षं कळ काढली तर अख्खी नवी नळी बसवता येईल, मग तोंड कशाला कापून घ्यायचं? शिवाय परदेशातल्या एका केंद्राशी त्याचं बोलणं चालू आहे. ते त्याच्याच स्टेम सेलपासून सहा आठवड्यांत नळी तयार करून देऊ म्हणतात आणि रक्कम आगाऊ मागतात. हल्ली कुठे जायचं म्हटलं की तो आधी तिथे स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतो. पाणी मुद्दाम कमी पितो. त्याने थांबावं का? त्या केंद्राकडे जावं का? आणि आईचा एक प्रश्न : गाल आतून कापला तर चेहऱ्याला खड्डा पडेल का?
— एक थोरली बहीण

ताई,

भावाने वाचलेली बातमी खरी आहे. ती नळी मात्र लघवीची नाही.

19 डिसेंबर 2024 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जिला मान्यता दिली ती रक्तवाहिनी आहे. कंपनी ह्युमासाइट, नळीचं नाव सिमव्हेस, व्यास 6 मिलिमीटर. हातापायाची धमनी फाटली, रक्तपुरवठा तातडीने सुरू केला नाही तर हात किंवा पाय जाईल अशी वेळ आली आणि रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातली शीर काढून वापरणं जमण्यासारखं नसलं, तर प्रौढ रुग्णात ती वापरायची. मान्यता एवढ्याच कामापुरती आहे. आणि तिच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापलेला आहे की नळी मध्येच फाटली किंवा जोडावर सुटली तर जिवावर बेतेल असा रक्तस्राव होऊ शकतो.

ती कशी बनवतात ते थोडं सांगतो, कारण भावाच्या 'दोन-चार वर्षां'चा हिशेब त्यात लागतो. पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या धाग्याची जाळी नळीच्या आकारात करतात. काही विरघळणारे टाके ज्या धाग्याचे असतात, तोच हा. दात्याच्या धमनीतल्या स्नायूपेशी या जाळीवर पेरतात आणि ती पोषक द्रवात ठेवून नाडीसारखे ठोके देत राहतात. फुगवायची, सोडायची, पुन्हा फुगवायची. असे सुमारे दोन महिने. ओढ बसली की पेशी आपलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिनाचं जाळं, विणत जातात, तिकडे जाळी विरघळत जाते. शेवटी त्या पेशीसुद्धा धुऊन काढतात आणि मागे प्रथिनांची रिकामी नळी उरते. पेशीच नसल्यामुळे दुसऱ्याच्या शरीरातून आलेली असूनही आपलं शरीर तिच्यावर तुटून पडत नाही. ठोके देऊन धमनी वाढवण्याची ही युक्ती संशोधक लॉरा निक्लसन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. मान्यता 2024 ची. मधली वर्षं 25, आणि तीसुद्धा नळ्यांमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या वागणाऱ्या नळीसाठी.

लघवीच्या नळीवरही काम झालेलं आहे. भावाला ते आज ना उद्या सापडेलच, तेव्हा ते मीच आधी सांगून टाकतो. अमेरिकेतले मूत्ररोग सर्जन अँथनी अटाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 ते 2007 या काळात मेक्सिकोत पाच मुलांना अशा नळ्या बसवल्या. मुलं 10 ते 14 वर्षांची होती. प्रत्येकाच्या मूत्राशयाचा नखाएवढा तुकडा काढला, त्यातल्या स्नायूपेशी आणि अस्तराच्या पेशी वेगवेगळ्या वाढवल्या आणि विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर लावल्या. स्नायू बाहेरच्या बाजूने, अस्तर आतून. काही वर्षांनंतरही मुलांची धार चांगली होती. 2011 मध्ये तो निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला तेव्हा मी दवाखान्यातला चहा गार होऊ देऊन तो वाचला होता. आजही मला ते काम देखणं वाटतं. पण मुलं पाच होती. त्यांच्या इजा नळीच्या मागच्या भागातल्या होत्या, तुमच्या भावाची पुढच्या भागातली आहे. आणि त्या निबंधानंतर एवढी वर्षं गेली तरी ते कुठल्याही मूत्ररोग विभागातलं रोजचं ऑपरेशन झालेलं नाही.

का झालं नाही, ही यातली खरी समजून घेण्याची गोष्ट आहे.

नळी दिसायला सोपी असते. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्यापुढे ती म्हणजे नुसता पाइप. ज्याच्या त्याच्या मनात पहिला विचार हाच येतो आणि माझ्याही मनात आला होता. पण पाइपची भिंत मेलेली असली तरी चालते, शरीरातल्या नळीची चालत नाही. तिची प्रत्येक पेशी जिवंत राहायला जवळ, अगदी केसाच्या जाडीच्या एक-दोन पट अंतरावर, रक्ताची केशवाहिनी लागते. आपण बाहेरून आणून लावलेल्या तुकड्यात पहिल्या दिवशी एकही चालू केशवाहिनी नसते. पहिले दोन दिवस तो खालच्या मांसातला ओलावा शोषून तग धरतो. पुढच्या दोन दिवसांत खालच्या केशवाहिन्या त्याच्यातल्या केशवाहिन्यांशी तोंडाला तोंड जोडतात. जोडल्या तर जगला. नाही जोडल्या तर तुकडा सुकतो, आक्रसतो, त्याचा व्रण होतो. झाडाच्या कलमाबद्दल 'कलम धरलं' म्हणतात ना, ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही 'ग्राफ्ट धरला' म्हणतो ते याच अर्थाने.

आता ठिगळ आणि नळी यांतला फरक बघा. भावाच्या नळीचा घेर चारी बाजूंनी सारखाच खराब झालेला नसतो. नळी एका बाजूने उभी चिरायची, आतली पट्टी जागेवर ठेवायची आणि चिरलेल्या फटीत बाहेरचा तुकडा ठिगळासारखा बसवायचा, असं केलं की तुकड्याची अख्खी पाठ निरोगी, चांगला रक्तपुरवठा असलेल्या मांसावर टेकते. शिवाय स्वतःच्या अस्तराची पट्टी मध्ये शिल्लक असल्यामुळे दोन्ही कडांकडून नवं अस्तर सरकत यायला जागा असते. अख्खी गोल नळी घातली की दोन्ही फायदे जातात. नळी सगळीकडून नीट टेकत नाही, कुठे हवेची पोकळी राहते तर कुठे रक्ताची गाठ, आणि अस्तर सरकत यायचं तर फक्त वरच्या आणि खालच्या टोकाकडूनच. ते किती सरकतं? सशांवर हा प्रयोग झालेला आहे. पेशी न लावलेली कोलॅजनची नळी घातली तर अस्तर अर्धा सेंटिमीटरपर्यंत धड भरून येतं, त्यापुढे व्रण. 2008 साली प्रसिद्ध झालेला हा अर्ध्या सेंटिमीटरचा आकडा मला पाठ आहे, कारण तो मी कित्येक रुग्णांना बोटावर दाखवला आहे. तुमच्या भावाचे साडेचार सेंटिमीटर आहेत.

म्हणून तर अटालांनी नळीवर आधीच पेशी लावल्या. ते बरोबरच होतं, पण त्याने अस्तराचा प्रश्न हलका होतो, रक्ताचा तसाच राहतो. वरून लघवी. रक्तवाहिनीतून निदान रक्त वाहतं आणि पातळ भिंतीला आतून थोडाफार प्राणवायू मिळतो. लघवीच्या नळीला आतून पोसणारं काहीच नसतं, उलट अस्तर जिथे पाणी धरत नाही तिथून लघवी मांसात झिरपते आणि झिरपेल तिथे व्रण करत जाते.

हे मी पुस्तकातूनच शिकलो असतो तर बरं झालं असतं. उमेदीच्या काळात एका रुग्णाला आम्ही त्याच्याच कातडीची गोल नळी शिवून बसवली होती. कॅथेटरवर कातडी गुंडाळून बारीक टाक्यांनी शिवलेली ती नळी ट्रेमध्ये इतकी सुबक दिसत होती की सगळं थिएटर बघायला आलं. कॅथेटर काढल्यावर पहिले तीन महिने धार अशी की रुग्ण पेढे घेऊन आला. सहाव्या महिन्यात तो पुन्हा आला, हातात काही नव्हतं. नळी दोन्ही जोडांवर आणि मध्ये एके ठिकाणी, अशी तीन जागी आक्रसली होती. त्यानंतर मी एका बैठकीत गोल नळी बसवली नाही. जिथे खरोखरच सगळा घेर गेलेला असतो तिथे आम्ही दोन टप्पे करतो. आधी तुकडा सपाट अंथरून धरू देतो आणि काही महिन्यांनी त्याची नळी वळतो.

तेव्हा भाऊ ज्याची वाट बघतोय ती 'अख्खी नवी नळी' प्रयोगशाळेतून आली तरी, शक्य असेल तिथे मी आधी ठिगळच निवडेन.

बरं, प्रयोगशाळेत वाढवलेलं ठिगळ? तेही आहे. जर्मनीत रुग्णाच्या तोंडातला छोटासा तुकडा घेऊन त्यापासून अस्तराचा सपाट पापुद्रा वाढवतात आणि तो लघवीच्या नळीत लावतात. 'म्युकोसेल' नावाने हे मिळतं. 99 रुग्णांच्या पाहणीत वर्षभरानंतर सुमारे दोन तृतीयांश जणांची नळी मोकळी होती, दोन वर्षांनंतर 58 टक्क्यांची. यातले बरेच जण आधी ऑपरेशनं होऊन गेलेले, अवघड रुग्ण होते, त्यामुळे आकडा वाईट म्हणवत नाही. पण गालाच्या आतलं ताजं अस्तर थेट लावलं तर अनुभवी हातात शंभरातल्या 80 ते 90 जणांची नळी मोकळी राहते. आणि गंमत बघा, त्या प्रयोगशाळेतल्या पापुद्र्यासाठीसुद्धा आधी तोंडातलाच तुकडा कापावा लागतो.

प्रयोगशाळेतलं अस्तर ज्यांना खरोखर लागेल ते रुग्ण वेगळे. ज्यांची नळी टोकापासून मुळापर्यंत खराब आहे, लहानपणापासून पाच-सहा ऑपरेशनं झाली आहेत, दोन्ही गाल वापरून झाले आहेत, जिभेखालचंही वापरलं आहे, त्यांच्यासाठी हे संशोधन चालायलाच हवं. सुपारी-तंबाखूमुळे ज्यांच्या तोंडातलं अस्तर घट्ट दोरीसारखं झालंय आणि तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्यासाठीसुद्धा. (भावाला ती सवय असेल तर आजच सोडायला सांगा आणि सर्जनला खरं सांगा.) तुमच्या भावाकडे दोन धड गाल आहेत आणि त्याला लागणार साधारण पाच-सहा सेंटिमीटर लांब आणि दोनेक सेंटिमीटर रुंद तुकडा.

'तोंडातलं तिथे कसं लावणार?' ही त्याची किळस मला समजते. बहुतेकांना वाटते. पण या कामाला तोंडाएवढी लायक जागा शरीरात दुसरी नाही. तिथे केस नसतात. मांडीची किंवा पोटाची कातडी लावली तर आत केस उगवतात आणि त्यांवर खडे धरतात. तोंडातलं अस्तर ओलं राहायला जन्मापासून सरावलेलं असतं. वरचा थर जाड, त्यामुळे शिवताना फाटत नाही, खालचा थर पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला, त्यामुळे पटकन धरतं. कीव्हमध्ये काम करणाऱ्या किरिल सापेझ्को या सर्जनने 1890 च्या दशकातच ते लघवीच्या नळीसाठी वापरलं होतं. मधली बरीच वर्षं जगाने ते विसरून कातडीचे प्रयोग केले. त्या कातडीवाल्यांत मीही होतो, ते वर सांगितलंच.

आता परदेशातलं केंद्र. मी त्यांना ओळखत नाही, पण पत्रात तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मला पुरेशा आहेत. एक, पैसे आगाऊ. जिथे खरोखर चाचणी चालू असते तिथे प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. दोन, 'तुमचेच स्टेम सेल'. आधी पोटातली चरबी की हाडातला मगज, मग त्यातून अस्तराच्या पेशी कशा होणार, हे त्यांनी सांगितलं आहे का? भावाला त्यांना एवढंच विचारायला सांगा : आजवर तुम्ही किती पुरुषांना अशी नळी बसवली, त्यातल्या किती जणांचा दोन वर्षांनंतरचा धारेचा आलेख तुमच्याकडे आहे, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय आणि नळी बिघडली तर पुढचं ऑपरेशन कोण करणार? उत्तरात रुग्णांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे व्हिडिओ आले तर बोलणं तिथेच थांबवा.

भाऊ म्हणेल, पैसे जातील, अजून काय जाईल? त्याला श्वासनलिकेची गोष्ट सांगा. 2011 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो माकियारिनी या सर्जनने प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी लावून ती रुग्णाला बसवली. जगभर मथळे झाले. स्वतःच्या पेशी, प्रयोगशाळेतली नळी, दात्याची वाट बघायला नको. वाचायला अगदी त्या केंद्राने भावाला सांगितल्यासारखंच. त्या रुग्णालयात त्यांनी तीन जणांना अशा नळ्या बसवल्या आणि तिघेही पुढे दगावले. नळीला रक्तपुरवठा कधी मिळालाच नव्हता. तिथल्याच चार डॉक्टरांनी रुग्णांचे कागद तपासून तक्रार केली, तर सुरुवातीला संस्थेने माकियारिनींनाच पाठीशी घातलं. 2016 मध्ये त्यांना काढलं, 2018 मध्ये 'लॅन्सेट'ने या श्वासनलिकेवरचा त्यांचा निबंध मागे घेतला आणि 2023 मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची कैद सुनावली. हे नावाजलेल्या संस्थेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं.

लघवीच्या नळीत असं काही बिघडलं तर जीव बहुधा जात नाही. पण साडेचार सेंटिमीटरचा व्रण आठचा होऊ शकतो, आणि मग गालाचा एक तुकडा पुरत नाही.

थांबण्याबद्दल. ताई, थांबणं फुकट नसतं. दुर्बिणीतून कापल्यावर ती चीर पुन्हा व्रणानेच भरते, म्हणून पहिल्या वेळी आठ महिने आणि दुसऱ्या वेळी तीन. तिसऱ्यांदा तेच करा असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, सर्जन ठिगळाचं बोलतायत ते योग्य बोलतायत. औषध लावलेला एक फुगाही निघाला आहे, ऑप्टिल्युम नावाचा, पण तो तीन सेंटिमीटरपर्यंतच्या आक्रसलेल्या भागासाठी आहे. आणि अरुंद नळीतून जोर लावून लघवी करत राहिलं की मूत्राशयाची भिंत जाड होत जाते, लघवी मागे साचते, जंतुसंसर्ग, खडे आणि हे फारच लांबलं तर मूत्रपिंडांवर ताण. पाणी कमी प्यायल्याने यातलं काही टळत नाही, उलट लघवी दाट होते आणि जंतूंना फावतं.

भावाने शेवटची धारेची चाचणी कधी केली? त्या यंत्राचा कागद असेल तर बघा. निरोगी तरुणाचा आलेख टेकडीसारखा असतो, झपकन वर आणि मग उतार, वरचं टोक सेकंदाला 15 मिलिलिटरच्या पुढे. आक्रसलेल्या नळीचा आलेख टेबलासारखा, थोडासा वर जाऊन सपाट, आणि ते टेबल लांबतच जातं. रुग्णाला 'तुझी नळी इतकी मिलिमीटर' सांगून काही वाटत नाही. टेबल दाखवलं की त्याला आपली पहाट आठवते.

थोडी घाई करायची असे प्रसंगही सांगून ठेवतो. लघवी पूर्ण बंद झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, 'याची नळी आक्रसलेली आहे.' नाहीतर कोणी तरी जोर लावून कॅथेटर घालायला बघेल आणि नवी वाट पाडेल. अशा वेळी बेंबीखालून थेट मूत्राशयात नळी घालून लघवी काढता येते. ठिगळाच्या ऑपरेशनाआधीही काही सर्जन अशी नळी घालून दीड-दोन महिने मूळ मार्गाला विश्रांती देतात, म्हणजे व्रण नेमका किती आहे ते ठरतं. तसं सांगितलं तर भावाला वाटेल की गोष्ट बिघडली. बिघडलेली नसते.

आता जे तुम्ही लिहिलेलं नाही ते. 27 वर्षांचा मुलगा प्रयोगशाळेतल्या नळीची दोन-चार वर्षं वाट बघायला तयार होतो, तेव्हा तो बहुधा विज्ञानाची वाट बघत नसतो. त्याला भीती वाटत असते, आणि ती कोणती ते तो बहिणीला सांगणार नाही, आईला तर नाहीच. त्याला वाटत असतं, तिथे चाकू लागला तर पुढे लग्नाचं काय? या वयाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाने मला हा प्रश्न दार लावून घेतल्यावर, उठता उठता विचारला आहे. त्याचं उत्तर असं : ऑपरेशननंतर काही जणांना ताठरतेत कमतरता जाणवते, बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते, कायमची राहणं क्वचित. वीर्य जोरात न येता ओघळतं अशी तक्रार काही जण करतात. मूल होण्याच्या क्षमतेला हे ऑपरेशन हात लावत नाही. सर्जनकडे हे विचारायला त्याला एकट्याला आत जाऊ द्या. तुम्ही बाहेर बसा आणि बाहेर आल्यावर काय झालं विचारू नका.

त्याला हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल. नाहीतर या भागाची घडी घालून त्याच्या टेबलावर ठेवा, तो वाचेल.

सर्जनला त्याने आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? आणि माझ्या बाबतीत ठिगळ वरून लावणार की खालून, आणि का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, ते सर्जनने कागदावर चित्र काढून दिलं की समजा माणूस यातला आहे. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे कॅथेटर राहील, मग डाय घालून गळती नाही ना हे बघून काढतील. पुढे वर्ष-दोन वर्षं ठरावीक अंतराने धारेची चाचणी, ती चुकवायची नाही. बरं वाटायला लागलं की सगळे चुकवतात.

आईंना सांगा, खड्डा पडत नाही. तुकडा आतल्या अस्तराचा असतो, त्याच्याखालचा स्नायू आणि बाहेरची कातडी जागच्या जागी राहते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात एक बारीक उंचवटा जिभेला लागतो, तिथे लाळेची नळी उघडते. सर्जन आधी त्यावर शाईने खूण करतात आणि तेवढी जागा सोडून तुकडा काढतात. पहिले काही दिवस मऊ, गार खाणं, तिखट नाही, चूळ भरत राहायची. काही आठवडे जांभई देताना गाल ओढल्यासारखा वाटेल, आत थोडं बधिर लागेल. महिन्याभराने जीभ फिरवली तर तिथे एक गुळगुळीत रेघ लागेल, आणि ती त्याच्याशिवाय कोणाला कळणार नाही.